अभिनेता, कुलुपवाडी

बोरिवलीच्या कुलुपवाडीत राहणारा विद्याधर तोरसकर मालिकांमध्ये डॉक्टर असतो. तीस वर्षं झाली. आयसीयूचं दार ढकलून बाहेर यायचं, मास्क खाली ओढायचा, मान हलवायची आणि बाजूला व्हायचं. मग कॅमेरा रडणाऱ्या सुनेवर जातो आणि ह्याचं काम संपतं. दिग्दर्शक घाईत असला तर मास्कसुद्धा काढू देत नाही. "काका, डोळ्यांनी द्या ना," म्हणतो. हा बिचारा डोळ्यांनी देतो. आजवर आपल्या हातून एकही पेशंट वाचलेला नाही आणि एवढी माणसं मारून अटक न झालेला मुंबईत आपण एकटेच, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरतो. लोक हसतात. दुसऱ्याने हसायच्या आधी आपण हसून घ्यावं, ही अक्कल त्याला धंद्यात फार लवकर आली होती.

त्यात नावाची भानगड. ह्याच्यानंतर बारा वर्षांनी ह्याच नावाचा, ह्याच आडनावाचा, पण सहा फूट उंचीचा आणि गालावर खळी पडणारा एक विद्याधर तोरसकर मालिकांमध्ये आला आणि दोन वर्षांत घराघरात पोचला. मग सिनेमे, मग मसाल्याची जाहिरात, मग नवरात्रात दांडियाची उद्घाटनं. नातं काही नाही, गाव एक नाही, नुसतं नाव एक. सेटवर त्याला 'मोठे विद्याधर' म्हणायला लागले आणि ह्याला 'छोटे विद्याधर'. हा वयाने अकरा वर्षांनी मोठा, पण ह्या धंद्यात वय पोस्टरवर मोजतात. बँकेत, गॅसवाल्याकडे, लग्नाच्या हॉलमध्ये नाव सांगितलं की समोरच्याचे डोळे चमकायचे, मग तो ह्याच्या तोंडाकडे बघायचा आणि विझायचा. "ते वेगळे," असं हाच घाईघाईने सांगून टाकायचा. नाव मोठं लक्षण खोटं, दुसरं काय!

तर त्या मोठ्या विद्याधरला महापालिकेच्या निवडणुकीत एका पक्षाने तिकीट दिलं, आणि तेही नेमकं कुलुपवाडीच्या प्रभागात. चार दिवसांनी संध्याकाळी छोट्या विद्याधरच्या दाराची बेल वाजली. दारात अंबादास. समोरच्या पक्षाचा कार्यकर्ता, दहीहंडीपासून रक्तदानापर्यंत सगळ्याचे मांडव घालणारा. आजवर ह्या माणसाने विद्याधरला गणपतीची पावती फाडायला सोडून कधी हाक मारली नव्हती.

"काका, उभं राहायचं," अंबादास सोफ्यावर बसता बसता म्हणाला. "अपक्ष. फॉर्म आम्ही भरतो, सगळं आम्ही बघतो. तुम्ही फक्त सही करायची आणि घरात बसायचं."

"मी? मला कोण मत देणार?"

"तुम्हाला नाही ओ! त्यांना द्यायला जातील आणि चुकून तुमचं बटण दाबतील. पाचशे जरी गेली ना, तरी आपलं काम झालं. सगळीकडे करतात, काका. तुमच्यासारखं सेम टू सेम नाव मिळणं म्हणजे लॉटरी आहे."

विद्याधर हसला. एवढा सरळ अपमान त्याचा बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. तो 'नाही' म्हणणारच होता, पण अंबादास म्हातारपणी खाटेवर पडलेल्या देवालाही उठवेल असल्या जातीचा. तो हळूच म्हणाला, "आमच्या पक्षाच्या भाऊंचे मेहुणे मालिका काढतायत. मरोळला सेट लागलाय. हिरॉईनच्या वडिलांचा रोल रिकामा आहे. रोजचं काम. वर्षभर मरत नाही. आणि सुरुवातीला नावं येतात ना, त्यात तुमचं नाव."

वर्षभर मरत नाही! बाप! आयसीयूच्या बाहेर उभा राहणारा नाही, घरात सोफ्यावर बसून मुलीला 'बाळा' म्हणणारा बाप. तीस वर्षांत विद्याधरचं नाव एकदाही पडद्यावर आलं नव्हतं, तो कायम 'आणि इतर'मध्ये असायचा. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. त्याने सही केली. एक गोष्ट मात्र अंबादासने बजावली. अर्जात वडिलांचं नाव लिहायचं नाही. मोठा विद्याधर लिहीत नाही, त्यामुळे ह्यानेही नाही. नाहीतर लोकांना फरक कळेल.

उत्तरा विमा कंपनीतून घरी आली तेव्हा त्याने सगळं सांगितलं. घर तीस वर्षं तिच्या पगारावर चाललं होतं आणि तिने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं, म्हणून तिच्याशी खोटं बोलणं त्याला जमायचं नाही. तिने पर्स टेबलावर ठेवली आणि शांतपणे विचारलं, "म्हणजे लोकांनी चुकावं म्हणून तू उभा राहणार?"

"तसं म्हटलं तर तसं."

"लाज नाही वाटत?"

"वाटते ना. पण बापाचा रोल आहे गं."

"आणि तुझ्या बापाचं नाव गाळलंस ते?"

गुणाजी तोरसकर. गिरणीत साचे चालवायचा आणि गिरणीच्या नाटकात पखवाज बडवायचा. पोरगा नट झाला म्हणून त्याने अख्ख्या चाळीत पेढे वाटले होते आणि मरेपर्यंत पोराचं नाव टीव्हीवर शोधत होता. उत्तरा नंतर तो विषय बोलली नाही, पण तिने त्या रात्री ताटात आमटी जरा जोरातच वाढली.

अर्जांच्या छाननीच्या दिवशी खरी गंमत झाली. निवडणूक अधिकारी बाई होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर, समोर कागदांचा ढीग. म्हणाल्या, "एकाच नावाचे दोन उमेदवार. मतदारांना ओळखता यावं म्हणून नावापुढे कंसात काहीतरी लिहावं लागेल. वडिलांचं नाव टाका, सोपं होईल."

विद्याधरने अंबादासकडे पाहिलं. अंबादासने डोळ्यांनीच नको म्हटलं. "नको," विद्याधर म्हणाला.

"बरं. मग व्यवसाय लिहू. ते अभिनेता. तुम्ही?"

"मीपण अभिनेता."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. मोठ्या विद्याधरचे वकील खुदकन हसले. "मॅडम, ह्यांचं 'खाजगी नोकरी' लिहा ना."

आता इथे गप्प बसायचं की नाही? अंबादासचा हिशेब साधा होता. कंसात काहीही आलं तरी चालेल, मतदान यंत्रासमोर कोण एवढं वाचत बसतं! पण 'खाजगी नोकरी' हे शब्द ऐकले आणि विद्याधरच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. जन्मात कधी एक खाजगी नोकरी केली नाही, म्हणून तर बायकोला करावी लागली. तो उठून उभाच राहिला. "मॅडम, मी तीस वर्षं अभिनय करतो! हे माझं संघटनेचं कार्ड. नंबर बघा, त्यांच्यापेक्षा जुना आहे. आणि हे बघा," म्हणत त्याने मोबाइल काढून एक एपिसोड लावला. छोट्या पडद्यावर तो दार ढकलून बाहेर आला, मास्क खाली केला, मान हलवली. सून रडायला लागली. एवढ्यात चहा घेऊन आलेला शिपाई म्हणाला, "अरे, हे तर आयसीयूवाले! मॅडम, खरंच नट आहेत हे. माझी बायको ह्यांना बघितलं की शिव्या घालते."

शिव्यांचा पुरावा बाईंना पटला. पण आता दोघेही अभिनेते, मग ओळखायचं कसं? म्हणून मग दोघांच्याही पुढे राहता पत्ता लिहायचा ठरला. मोठा विद्याधर लोखंडवालाला राहायचा. यादीत छापून आलं: तोरसकर विद्याधर (अभिनेता, लोखंडवाला). आणि त्याच्या खाली: तोरसकर विद्याधर (अभिनेता, कुलुपवाडी), निशाणी इस्त्री.

ती यादी विद्याधरने घरी नेऊन उत्तराला दाखवली. सरकारी कागद, सरकारी शिक्का, आणि नावापुढे अभिनेता. आपण फसवणूक करायला उभे आहोत, हे तो त्या क्षणी साफ विसरला. उत्तरा म्हणाली, "छान छापलंय." एवढंच. पण तिने कागद परत करताना नीट घडी घालून दिला.

आणि मग ह्याला किडा चावला. डमी उमेदवाराने घरात बसायचं असतं, तोंड दाखवायचं नसतं, कारण तोंड दिसलं की लोकांना कळतं की हा तो नाही. हे शेंबड्या पोरालाही समजेल. पण नट कधी घरात बसला आहे? नाव यादीत, निशाणी हातात, आणि बाहेर अख्खा प्रभाग प्रेक्षक म्हणून तयार! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. त्याने गळ्यात स्टेथोस्कोप घातलेला आपला फोटो टाकून पत्रकं छापून घेतली. 'मी तो नाही. मी इथलाच.' असं वर मोठ्या अक्षरात. रोज सकाळी पत्रकं घेऊन तो जिने चढायला लागला.

लोकांनी दारं उघडली, हे महत्त्वाचं. "अहो डॉक्टर! आमची लाडकी सासू तुम्हीच मारलीत ना गेल्या महिन्यात?" अशी स्वागतं झाली. कुणी पाणी दिलं, कुणी गुडघे दाखवले. तो सगळीकडे एकच सांगायचा की, बाबांनो, चुकून मला मत देऊ नका, द्यायचं तर मला बघून द्या. गटाराचं झाकण, बंद पडलेली वाचनालयाची खोली, असं काहीबाही तो मनापासून बोलायचा. आपण खरोखरच उमेदवार असल्यासारखं त्याला वाटू लागलं होतं.

बैठ्या चाळीतल्या सोनूबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, मूळच्या मालवणच्या. त्यांनी पत्रक डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. "तू तोच मां रे? तुकाच मत देतलंय मी. पण टीव्हीत तू उंच दिसतंस हां, आणि गालार खळी पडता."

"आजी, ते वेगळे."

"असांदे. खळी नसली तरी चलात," म्हणाल्या आणि पुन्हा तांदळाकडे वळल्या.

आठव्या दिवशी अंबादास तापलेला घरी आला. "काका, वाट लावली तुम्ही! सांगितलं काय, करताय काय? अख्खा प्रभाग तुमचं थोबाड ओळखायला लागलाय. आता चुकणार कोण? भाऊ भडकलेत. रोल विसरा."

बापाचा रोल गेला. विद्याधरला वाईट वाटलं, फार वाटलं. दोन दिवस तो जेवला नाही नीट. पण त्यातही एक बरं होतं. आता फसवणूक उरली नव्हती. आता जे मत पडेल ते त्याचं असेल. उत्तरा त्याच्यासोबत एक संध्याकाळ पत्रकं वाटायला आली, तेव्हा त्याला कळलं की तिलाही तसंच वाटतंय.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी नाक्यावर दोन्ही विद्याधर समोरासमोर आले. एकाच्या मागे ढोल, उघडी जीप, दोनशे माणसं. दुसऱ्याच्या मागे उत्तरा आणि पत्रकांची पिशवी. मोठा विद्याधर जीपवरून उतरला, सरळ पुढे आला आणि सगळ्यांसमोर वाकून ह्याच्या पाया पडला. मग माइक हातात घेऊन म्हणाला, "मित्रांनो, हे माझे सीनिअर. ह्यांना नीट बघून घ्या, म्हणजे परवा चूक होणार नाही!" लोक खदखदा हसले. छोटा विद्याधरही हसला, सवयीप्रमाणे सगळ्यांच्या आधी. रात्री अंथरुणावर पडल्यावर तो उत्तराला म्हणाला, "मान दिला का गं त्याने मला, की वापरलं?" ती म्हणाली, "दोन्ही असेल. झोप."

मतदान झालं. दुसऱ्या दिवशी मोजणीला विद्याधर उमेदवार म्हणून आत बसला. आत बसायचा पास गळ्यात अडकवून त्याने स्वतःचा एक फोटोही काढून घेतला, इतका तो खुळा. पहिल्या फेरीत त्याच्या नावापुढे एकोणचाळीस मतं आली. एकोणचाळीस! त्याच्या इमारतीतसुद्धा एवढी माणसं नव्हती. दुसऱ्या फेरीत आणखी. तो मनातल्या मनात चेहरे आठवत होता. पाणी देणारी ती वहिनी. गुडघेवाले आजोबा. वाचनालयाचं ऐकून टाळी देणारा तो रिक्षावाला. प्रत्येक फेरीला त्याचा ऊर भरून येत होता. शेवटी आकडा लागला तीनशे एकोणनव्वद.

मग बाईंनी विजयी उमेदवाराचं नाव वाचलं. अंबादासच्या पक्षाचा माणूस जिंकला होता. मोठा विद्याधर तोरसकर एकसष्ट मतांनी पडला होता.

विद्याधर खुर्चीत तसाच बसून राहिला. गणित पहिलीतलं होतं. तीनशे एकोणनव्वदातले बासष्ट जण जरी चुकले असतील, तर त्या माणसाला ह्यानेच पाडलं होतं. आणि चुकले नसतील, खरोखर ह्याच्यावर जीव टाकून मत दिलं असेल, तर? हॉलच्या पलीकडच्या टोकाला मोठा विद्याधर कुणाशी तरी हात मिळवत होता. जाताना त्याने लांबूनच ह्याला नमस्कार केला. ह्याचे हात वर आलेच नाहीत.

बाहेर गुलालात माखलेल्या अंबादासने त्याला मिठीच मारली. "काका, मानलं! काय डोकं लावलंत! मी येडा, मला वाटलं तुम्ही घोळ घालताय. त्या मॅडमशी भांडून तुम्ही लोखंडवाला छापून घेतलंत ना, तिथेच खेळ संपला. लोक म्हणाले, हिरो तर आपल्या कुलुपवाडीतलाच आहे, तो लोखंडवालावाला कोणी डुप्लिकेट असेल! भाऊ जाम खूश आहेत. सोमवारी सकाळी नऊला मरोळ. बापाचा रोल तुमचा. नाव पहिल्या पाटीवर."

"येतो," विद्याधर म्हणाला. हो, म्हणाला. लाथ मारली वगैरे नाही. त्याच्या तोंडून ते इतकं पटकन निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

घरी येऊन त्याने उत्तराला सगळं सांगितलं. 'खाजगी नोकरी' सोसली असती तर हे झालंच नसतं, हेही सांगितलं. "'अभिनेता' ह्या एका शब्दासाठी भांडलो गं मी. आणि त्या शब्दानेच त्याला पाडलं." उत्तराने त्याला तू बरोबर किंवा चूक असं काहीच म्हटलं नाही. तिने चहा ठेवला आणि म्हणाली, "त्याला फोन कर."

नंबर उत्तराकडेच होता. त्या मोठ्याचं कुरिअर चुकून ह्यांच्याकडे आलं की तीच कळवायची. विद्याधरने फोन लावला तेव्हा पलीकडून शिव्या येतील अशी त्याची खात्री होती. खरं म्हणजे त्याला त्या हव्याच होत्या. शिव्या मिळाल्या की माणूस मोकळा होतो.

"सर! बोला," पलीकडून आवाज आला. दमलेला होता, पण नेहमीसारखाच गोड.

"माझ्यामुळे पडलात तुम्ही. ते सांगायलाच फोन केला. मला उभं केलं होतं त्यांनी. रोल देतो म्हणाले होते."

"माहीत आहे सर. पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग नाक्यावर पाया कशाला पडलात?"

"सीनिअर आहात म्हणून."

मग जे विचारायला विद्याधरने खरा फोन केला होता, ते तोंडातून निघून गेलं. "एक सांगाल? ती तीनशे एकोणनव्वद... ती तुमची होती का हो? चुकून आलेली?"

पलीकडे एक श्वास, छोटासा, नाकातून घेतलेला. "नाही सर. ती तुमचीच होती. मी स्वतः फिरलो ना त्या चाळींमधून. लोक सांगायचे मला तोंडावर, आम्ही आमच्या डॉक्टरांना देणार. एकही चुकून नाही."

किती सहज बोलला तो! आवाज कुठे चढला नाही, कुठे गळा दाटून आणला नाही. शेवटी किंचित हसलासुद्धा. विद्याधरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि पाणी आलं असतानाच त्याच्या लक्षात आलं की तो श्वास आपण ओळखतो. वाक्य घेण्याआधी नट घेतो तो श्वास. ह्या माणसाचा मोठेपणा गालावरच्या खळीत आहे, असं अठरा वर्षं विद्याधर स्वतःला सांगत आला होता. आज निवडणूक हरून घरी बसलेल्या त्या माणसाने, ज्याने आपल्याला पाडलं त्याच्यासाठी, एवढा सुंदर प्रसंग एका टेकमध्ये दिला होता.

"थँक यू," विद्याधर म्हणाला. "फार छान."

फोन ठेवल्यावर उत्तराने विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हणाला, सगळी मतं माझीच."

"मग?"

"नट चांगला आहे गं," तो म्हणाला आणि गार झालेला चहा त्याने संपवला.

मग त्याने अंबादासला फोन लावला. तिकडे ढोल वाजत होते. "बोला काका! सोमवारी नऊला ना?"

"जमणार नाही."

"जमणार नाही म्हणजे? ओ काका, बापाचा रोल आहे! काय झालं काय?"

विद्याधरने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. पूर्ण महिना कोरा होता. पुढचाही. त्याने एक श्वास घेतला.

"माझ्याकडे तारखा नाहीत," तो म्हणाला.

तीस वर्षांत हे वाक्य बोलायची त्याची ही पहिलीच वेळ होती. अंबादासने ते खरं मानलं.